पांढरीवरचं गाव

मृगाचा पहिला दणकट पाऊस पडून गेला की तेरच्या टेकड्या धुऊन निघतात. वरची सैल माती ओघळींतून वाहून जाते आणि आतलं उघडं पडतं. शंखाच्या बांगडीचा तुकडा, तांबड्या अकीकाचा मणी, काळ्या-तांबड्या खापराचा काठ, कधी मातीच्या बाहुलीचं नुसतं डोकं. तेरच्या पोरांची नजर यासाठी लहानपणापासून तयार असते. शेळ्यांमागं फिरताना ती खाली बघत चालतात. बाहेरून आलेल्या माणसाला जिथं नुसती ढेकळं दिसतात, तिथं त्यांना मणी दिसतो.

धाराशिव शहराच्या ईशान्येला, तेरणेच्या काठी हे गाव आहे. जवळच ढोकी, म्हणून जुनी माणसं दोन्ही नावं जोडून घेतात: तेरढोकी. भोवतीच्या रानात सोयाबीन, हरभरा, ज्वारी आणि पाणी असेल तिथं ऊस. चौकात चहाची हॉटेलं, खतं-बियाण्यांची दुकानं, पोरांच्या मोटारसायकली. मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या गावासारखंच हे गाव आहे, आणि एसटीतून उतरणाऱ्याला पहिल्या नजरेत काही वेगळं दिसत नाही. पण आपण जिथं उभे आहोत तिथं दोन हजार वर्षं माणसं सलग नांदत आली आहेत, हे एकदा मनाशी आलं की पाऊल जपून पडायला लागतं.

आपल्याकडं प्रत्येक जुन्या गावाला काळी आणि पांढरी असते. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. घर पडतं, त्याच जागी नवं उभं राहतं. भिंतीची माती, चुलीची राख, उकिरडा, फुटकी मडकी एकावर एक बसत जातात आणि गावाखालची जमीन चढत जाते. राखेनं आणि चुन्यानं ती पांढुरकी पडते. बहुतेक गावांत अशी एक गढी किंवा एक उंचवटा असतो. तेरला बैराग टेकडी आहे, कोट टेकडी आहे, मुलाणी टेकडी आहे, आणखीही आहेत. आजचं गाव या साऱ्या पसाऱ्याच्या एका भागावर वसलेलं आहे. जुनं गाव याच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, आणि ते गाव नव्हतं, शहर होतं. त्याचं नाव तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून तो मजकूर ओळखला जातो. त्यात भडोच बंदराबद्दल लिहिताना तो आतल्या मुलखातल्या दोन पेठांची नावं घेतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून अकीक येतो, तगरहून भरपूर साधं कापड आणि तलम मलमलीचे प्रकार येतात, आणि हा सारा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला पोचतो, असं तो नोंदवतो. पुढं दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे.

मला या नोंदीतली गाडी फार जवळची वाटते. काळ्या रानातून बैलगाडी हाकणं काय असतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात चाक आसापर्यंत रुततं. म्हणजे माल सुगीनंतरच निघत असणार. तेरहून कापडाचे गठ्ठे भरायचे, बालाघाटाच्या डोंगररांगा आणि गोदावरी ओलांडायची, पैठणला मुक्काम करायचा आणि पुन्हा वीस दिवस चालायचं. एक महिना जायला, एक महिना यायला. त्या गाडीवानांची, कापूस वेचणाऱ्या बायांची, मागावर बसणाऱ्या कोष्ट्यांची नावं त्या दर्यावर्द्याला माहीत नव्हती आणि आपल्यालाही नाहीत. त्यांनी विणलेलं कापड कुठल्या कुठं गेलं आणि कुजलं. उरलं ते मातीचं. म्हणूनच तेरची ओळख मातीतून करून घ्यावी लागते.

तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी पुष्कळ खल केला. कुणी देवगिरीचं नाव घेतलं, कुणी जुन्नरचं, कुणी कोल्हापूरचं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवलं. अखेर जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली तेर हेच तगर असं मांडलं, त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी इथं येऊन टेकड्या आणि देवळं पाहून पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात सविस्तर लिहिलं, आणि तो वाद बहुतेक मिटला. या साऱ्या काळात तेरचे शेतकरी औतामागं चालताना मणी आणि नाणी उचलत होतेच. इ.स. ६१२ च्या एका ताम्रपटात दुसऱ्या पुलकेशीकडून दान मिळालेला ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचं नोंदलं आहे. पुढं शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. आपलं मूळ या गावात आहे, हे सांगण्यात त्यांना मोठेपणा वाटत होता.

आता ज्यांच्यामुळं हे सारं डोळ्यांनी पाहता येतं, त्या माणसाबद्दल.

रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. ना पुरातत्त्वाची पदवी, ना सरकारी हुद्दा. गावात सापडणाऱ्या वस्तू त्यांनी गोळा करायला सुरुवात केली आणि ते काम आयुष्यभर सोडलं नाही. ज्या काळात खापरी म्हणजे पायानं उडवून द्यायची वस्तू होती, त्या काळात एका माणसानं ती उचलून, पुसून, घरात जागा करून ठेवली. गावोगाव असे नाद असणारी माणसं असतात, पण बहुतेकांचा साठा त्यांच्या माघारी भंगारात जातो किंवा शहरातल्या दलालांच्या हाती लागतो. लामतुऱ्यांचा संग्रह शासनाकडं आला आणि तरीही तेरमध्येच राहिला. त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आज गावात आहे आणि त्यात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. मुंबई-पुण्याच्या संग्रहालयांत जाऊन जे पाहावं लागलं असतं, ते तेरचं शाळकरी पोर चालत जाऊन पाहू शकतं. महाराष्ट्रातल्या लहान गावांच्या इतिहासात याला तोड नाही, असं माझं मत आहे.

त्या संग्रहालयात बहुतेक माणसं हस्तिदंती बाईच्या मूर्तीपाशी थांबतात, आणि ते योग्यच आहे. हस्तिदंतात कोरलेली ही लहानशी मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीच्या जातकुळीतली आहे. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्याच्या आधीच भारतातली ही कारागिरी समुद्र ओलांडून रोमन माणसाच्या घरात पोचली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशीच मूर्ती मिळाली. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठं घडली हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण ती आपल्या या पट्ट्यातली असण्याचा दावा अभ्यासकांनी गंभीरपणे मांडलेला आहे.

मी मात्र पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांपाशी जास्त वेळ घालवतो. केओलिन नावाच्या मऊ, पांढऱ्या चिकणमातीच्या या बाहुल्या सातवाहन काळातल्या. जवळून पाहिलं तर कानाच्या मागून खांद्याकडं उतरणारी एक बारीक रेघ दिसते. तो सांधा. कारागिरानं दोन साचे केले होते, एक पुढचा, एक पाठीचा. दोन्हींत मातीचा पातळ थर बोटानं दाबून बसवला, दोन अर्धी अंगं ओली असतानाच जोडली, सांध्यावरून बोट फिरवलं आणि मग भाजलं. त्यामुळं बाहुली आतून पोकळ आणि हाताला हलकी. केसांची रचना, कानांतली जड कुंडलं, गालांचा भरीवपणा, सगळं साच्यात आधीच कोरलेलं. एका साच्यातून शेकडो बाहुल्या निघत असतील. म्हणजे ही राजवाड्यातली वस्तू नव्हती. बाजारात मांडून विकायची, चार पैशांत लेकरासाठी घरी न्यायची वस्तू होती. एखाद्या बाहुलीवर सांधा नीट पुसलेला नसतो, तिथं घाईनं फिरलेल्या बोटाची खूण राहिलेली असते. तगरच्या रहिवाशाशी इतकी जवळून भेट मला दुसऱ्या कशातही होत नाही.

तिथंच मातीच्या चकत्या आहेत. रोमन नाण्यांवर राजाचा मुखवटा असे, तो पाहून इथल्या लोकांनी मातीत तसाच मुखवटा उठवला आणि गळ्यात घालण्यासाठी दोरा ओवायची सोय केली. सोन्याचं नाणं प्रत्येकाला कुठून परवडणार? पण फॅशन परवडते. रोमन घाटाचे मातीचे दिवेही आहेत. परदेशी माल आला की त्याची नक्कल गावात सुरू होते, ही रीत आजची नाही.

पुरातत्त्वाची शिस्तशीर उत्खननं नंतर झाली. भा. ना. चापेकरांनी १९५८ साली खणलं आणि त्याचा अहवाल १९६९ साली छापून आला. साठच्या दशकात आणि पुढं शासनाच्या आणि विद्यापीठीय अभ्यासकांच्या मोहिमा झाल्या, विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले, जुनं धान्य मिळालं आणि त्यावर वनस्पतीशास्त्रज्ञांनी लिहिलं. त्या तपशिलात मी जात नाही, कारण गावातून चालताना जे दिसतं तेच मला आधी सांगायचं आहे: तेरमध्ये दगडाचा थाट नाही. वेरूळ, अजिंठा आपण डोंगर कोरून केले, धाराशिवजवळची लेणीही तशीच. तेरनं मात्र वीट भाजली.

त्रिविक्रमाचं देऊळ याचा सर्वांत मोठा पुरावा. बाहेरून पाहिलं तर पुढं सपाट छताचा मंडप आणि मागं हत्तीच्या पाठीसारखं गोलाईचं छप्पर. मागची भिंतही अर्धवर्तुळात वळलेली. लेण्यांमधलं चैत्यगृह ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा आकार लगेच ओळखू येतो. कार्ल्याला, अजिंठ्याला जे डोंगराच्या पोटात आहे ते इथं जमिनीवर, विटांत उभं आहे. चैत्यगृहाच्या घाटाची अशी विटांची उभी वास्तू भारतात आणखी एकच प्रामुख्यानं सांगतात, आंध्र प्रदेशातल्या चेजर्ल्याची. बाकीच्या पडल्या. या दोन टिकल्या, कारण त्यांत देव बसले आणि माणसांनी पूजा थांबवली नाही. आज गाभाऱ्यात त्रिविक्रमाची दगडी मूर्ती आहे, एक पाय आभाळाकडं उचललेला. ही वास्तू मुळात बौद्धांची होती असं कझिन्सपासून अनेकांनी मानलं. तेरचा माणूस सकाळी तिथं फूल वाहतो आणि कामाला लागतो. देखभाल करणारं कुणीतरी रोज येत राहिलं, म्हणून छप्पर राहिलं.

उत्तरेश्वराचं देऊळही विटांचं, आणि त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा तर लाकडावरच्या जुन्या कामाचा दुर्मीळ नमुना. जैनांचंही इथं जुनं क्षेत्र आहे. कनकामर नावाच्या जैन मुनीनं अपभ्रंश भाषेत लिहिलेल्या ‘करकंडचरिउ’ या काव्यात तेरापुराचा आणि तिथल्या लेण्यांचा उल्लेख येतो. बौद्ध, जैन, शैव, वैष्णव, सगळे या मातीवर एकामागून एक आणि कधी एकत्रही राहिले.

आणि मग गोरोबाकाका.

महाराष्ट्रातल्या बहुतेकांना तेर हे नाव ठाऊक आहे ते यांच्यामुळं. तगर कुणाला माहीत नसेल, पेरिप्लस तर नाहीच, पण गोरा कुंभार तेरचे हे वारीला जाणारी कुठलीही आजी सांगेल. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या संतमेळ्यात वयानं वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत आणि गाव आजही काकाच म्हणतं. १२६७ हे त्यांचं जन्मवर्ष आणि १३१७, म्हणजे शके १२३९ ची चैत्र वद्य त्रयोदशी, ही समाधीची तिथी परंपरेनं मानली जाते. तेरणेच्या काठी कालेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. चैत्रात तिथं यात्रा भरते.

कथा सर्वांना पाठ आहे. गोरोबा चिखल तुडवत होते, मुखी विठ्ठलाचं नाव होतं, त्यांची बायको संती लेकराला तिथंच ठेवून पाण्याला गेली. लेकरू रांगत आलं आणि चिखलात तुडवलं गेलं. कीर्तनात ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात आणि शेवटी पंढरीनाथ लेकरू परत देतो. तेरच्या बायका ही गोष्ट सांगताना संतीजवळ थांबतात. समाधीवरून परतणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींना मी विचारलं, तुम्हाला काकांचं काय आठवतं. त्या म्हणाल्या, “काका तर देवमाणूस. पर मला तिचंच वाईट वाटतं बघा. घागर घिऊन आली आसंल आन्‌ लेकरू न्हाई.” या गोष्टीचा सगळा भार त्यांनी त्या एका घागरीत आणून ठेवला. इतकी शतकं ही कथा गावात टिकली, ती अशाच सांगणाऱ्यांमुळं.

दुसरी कथा थापटण्याची. कुंभार मडकं चाकावरून उतरवतो तेव्हा ते जाड आणि लहान असतं. आतून गुंडा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं हलके ठोके द्यायचे, मग ते फुगत जातं आणि पातळ होतं. आवाज ऐकूनच त्याला कळतं की मडकं कुठं कच्चं आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी हेच थापटणं संतांच्या डोक्यावर चालवलं. बाकीचे गप्प बसले. नामदेव कुरकुरले, आणि काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. त्यानंतर नामदेव विसोबा खेचरांकडं गुरूसाठी गेले, असं परंपरा सांगते. देवाशी रोज बोलणाऱ्या नामदेवाला कच्चं म्हणण्याचा अधिकार संतमंडळींनी एका कुंभाराला दिला, कारण पक्कं आणि कच्चं यांतला फरक हातानं ओळखायची विद्या त्याच्याकडं होती. काकांचे जे वीसेक अभंग आपल्यापर्यंत आले, त्यांतला अनुभव मोठमोठ्या तत्त्वज्ञांना पुरून उरणारा आहे.

सातवाहनकाळी साच्यात बाहुली दाबणारा तो अनामिक कारागीर आणि तेराव्या शतकातले गोरोबा, यांच्यामध्ये हजारापेक्षा जास्त वर्षं आहेत. मध्ये राजवटी बदलल्या, व्यापार आटला, शहराचं गाव झालं. तरी मातीचं काम इथं उरलंच. गावचा सर्वांत मोठा माणूस राजा नाही, सावकार नाही, कुंभार आहे. ही गोष्ट तेरला शोभते, आणि त्यात मला या गावाचा स्वभाव दिसतो.

आजच्या तेरची काळजी मात्र वाटते. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. माळवदावर पाऊस पेलायला पांढरीची खारी माती टाकत, दरवर्षी वरून नवा थर देत, भिंती लिंपायला तीच वापरत. गावाच्या गरजेपुरती पाटी-पाटी नेलेली ती माती होती. त्यातूनच मणी-नाणी सापडत आणि लामतुऱ्यांसारख्यांच्या हाती येत. आता स्लॅबची घरं झाली, माळवदं गेली, पण माती जायची थांबली नाही. टिकाव-पाटी गेली आणि जेसीबी आला. महाराष्ट्रभरच्या पांढरींवर तो चालतो आहे. कुठं रानात टाकायला, कुठं भराव म्हणून, कुठं टेकडी सपाट करून प्लॉट पाडायला. टिकावाच्या घावाला मणी लागला तर माणूस वाकून बघायचा. यंत्राच्या बकेटमध्ये हजार वर्षांचा थर एका दमात जातो आणि वाकून बघायला कुणी नसतं. विस्कटलेल्या थरातली वस्तू हाती लागली तरी ती कोणत्या काळातली, कुणाच्या घरातली, हे सांगणारी साक्ष गेलेली असते.

यात गावकऱ्यांना दोष देऊन भागत नाही. टेकडीवर ज्याचं घर आहे त्याला घर वाढवायचं असतं, पोराचं लग्न असतं, संडास बांधायचा असतो. संरक्षित जागेच्या नियमांनी त्याची अडचण होते आणि बदल्यात त्याच्या हाती फारसं काही पडत नाही. तेरला रोज चार बस भरून माणसं येऊ लागली, पोरांना वाटाडे म्हणून काम मिळालं, बचतगटाच्या बायांच्या हातची भाकरी विकली गेली, कुंभाराच्या चाकाला गिऱ्हाईक मिळालं, तर टेकडी राखणं हा गावाचा फायदा होईल. नुसत्या फलकानं ती राखली जाणार नाही.

म्हणून दोन गोष्टी मागतो. पंढरपूर-तुळजापूर करणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून तेरला यावं. काकांच्या समाधीवर माथा टेकावा, त्रिविक्रमाच्या मागं जाऊन ती वळलेली भिंत पाहावी आणि संग्रहालयात पांढऱ्या बाहुलीच्या कानामागची रेघ शोधावी. आणि तुमच्या स्वतःच्या गावालाही पांढरी असेल. तिथं जेसीबी लागला तर ग्रामसभेत उभं राहून हरकत घ्या. रानात नाणं, मूर्ती, मण्यांचा गठ्ठा सापडला तर सराफाकडं नेऊ नका. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, आणि तेरच्या आसपासचे असाल तर संग्रहालयात जाऊन सांगा.